एकोणीस दारं

एकोणीस ईमेल एका दमात आले तेव्हा हे गुडघ्याला तेल चोळत बसले होते. फोन टेबलावर किणकिणायला लागला तो थांबेचना. मी पोळ्या लाटत होते. लाटणं हातात तसंच धरून विचारलं, “अहो, कुणी गेलं की काय?”

“कुणी गेलं नाही. मतदानाच्या लिंका आल्या.” ह्यांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला आणि तेलकट बोटाने फोन वर सरकवत राहिले. “आर्थरची आली. बीसलीबाईंची आली. आशाआजींची... सगळ्या इथेच आल्या.”

“मग कुठे येणार? पत्ता तुम्हीच दिलात.”



सहा वर्षांपूर्वी पक्षाने सभासदांच्या वह्या बंद केल्या आणि सगळं इंटरनेटवर नेलं. ईमेल घातल्याशिवाय फॉर्म पुढे सरकेना. इंग्लंडातलं आमचं गाव थॉर्नी एंड, तिथली आणि आसपासच्या शेतांवरची आमची म्हातारी माणसं. कुणाकडे ईमेल नाही, कुणाचा होता त्याचा पासवर्ड वारलेल्या नवऱ्याबरोबर गेला. ह्यांनी अशा सगळ्यांच्या फॉर्मवर स्वतःचा ईमेल घातला. ह्यांच्या लहानपणी मिरजेला अख्ख्या बोळाची पत्रं कोपऱ्यावरच्या शिंप्याच्या पत्त्यावर यायची, वर ‘मार्फत’ लिहून. ह्यांच्या लेखी हेही तसंच. मी तेव्हाच म्हटलं होतं, एकदा पक्षाला विचारा. “त्यात विचारायचं काय? एवढी वर्षं मेंबरशिप सेक्रेटरी आहे मी,” म्हणाले. तेव्हा अकरा झाली होती, आता सतरा.

खासदारकीची जागा मोकळी झाली होती. आमच्या पक्षातर्फे कोण उभं राहणार ते सभासदांच्या मतांनी ठरायचं. नऊ जणांनी अर्ज केले. पक्षाच्या लंडनच्या पॅनेलने सात जण एका दुपारीत गाळले, भेटलेसुद्धा नाहीत. उरले दोन. एक आमची जॅनिस. शाळेची मिनीबस चालवते, अकरा वर्षं कौन्सिलमध्ये आहे. गावाची बस बंद होणार होती तेव्हा डेपोच्या दारात तीन दिवस खुर्ची टाकून बसली होती. तिला गाळायची त्यांची छाती झाली नसावी. दुसरा लंडनच्या ऑफिसातला परीक्षित. वय चौतीस, जन्म आणि मुक्काम वेम्बली. थॉर्नी एंड त्याने नकाशावर पाहिलेलं.

लंडनला कोण हवा होता ते सांगायची गरज नव्हती. आणि मराठीच मुलगा का पाठवला, तेही आम्हाला कळत होतं. कॉव्हेंट्रीच्या ह्या कडेला पक्षाचे सभासद असलेली मराठी घरं बरीच आहेत. त्यांना वाटलं, ही माणसं विरघळतील.

त्याचा फोनही आला होता.

“काकू नमस्कार, मी परीक्षित. माझी आई साताऱ्याची. आपला मराठी माणूस पार्लमेंटमध्ये गेला तर किती प्राउड वाटेल ना?”

“वाटेल की,” मी म्हटलं.

ह्यांनी फोन मागून घेतला. “राहतोस कुठे बाळा?”

“वेम्बली, काका.”

“मग तिथे उभा राहा की. आम्हाला तिथूनही प्राउड वाटेल.”

तर त्या एकोणीस लिंका. मतदान गुरुवार ते रविवार. घरात बसून हे एकोणीस वेळा बटण दाबू शकले असते, कुणाला कळलं नसतं. हा विचार माझ्या मनात आला, खोटं कशाला बोलू. ह्यांच्या मनात आलाच नाही. फोन चार्जिंगला लावला आणि म्हणाले, “उद्यापासून निघू. ज्याचं मत त्याने द्यायचं. ते दाबतील तेव्हा आपण पाठ फिरवायची.”

फेब्रुवारी होता. बर्फ पडत नव्हतं आणि पाऊसही धड पडत नव्हता, मधलंच काहीतरी भुरभुरत होतं. शेतावरच्या वाटांवर ट्रॅक्टरच्या चाकांनी चाकोऱ्या पडलेल्या, त्यांत पाणी. गाडी मी चालवायची, ह्यांनी उतरून गेट उघडायचं, गाडी आत गेली की लावायचं. गुरं बाहेर गेली तर शेतकरी पक्षबिक्ष बघत नाही. एका दिवसात पाच दारं झाली तर खूप. प्रत्येक ठिकाणी चहा. मला गुरुवारचा उपास, तरी नाही म्हणवत नाही, मग चहाच पोटात डुचमळत राहतो.

बीसलीबाईंनी चाळीस वर्षं शेतात कांद्याची पात आणि बीट उपटलं आहे. त्यांची बोटं इतकी गुळगुळीत झालीत की फोनला ती बोटं वाटतच नाहीत. दाबलं, परत दाबलं, थुंकी लावून दाबलं. आम्ही दोघं खिडकीकडे तोंड करून उभे.

“मोहन, हे मला मेलेली समजतंय,” मागून त्या म्हणाल्या.

“दुसरं बोट लावा.”

“दहाही लावून झाली. नाकाने दाबू का?”

“कायद्यात नाकाबद्दल काही नाही,” हे म्हणाले.

बराच वेळ मागून नुसता श्वास ऐकू आला. मग फोन टुणकन वाजला आणि बीसलीबाई ओरडल्या, “लागलं!” फोनच्या काचेवर नाकाचा ओला ठिपका होता. मी पदराने पुसला.

आशाआजींकडे तीन मजले. लिफ्ट बंद. हे कठड्याला धरून एक एक पायरी चढले. आजी फोन घेऊन पडद्यामागे गेल्या आणि इतका वेळ आल्या नाहीत की मला वाटलं झोपल्या. आर्थरने गोठ्यात म्हशीएवढ्या काळ्या गायींच्या मधे उभं राहून दाबलं. चौथ्या दिवशी सकाळी साडेअकराला शेवटचं मत झालं आणि बाराला मतदान बंद. परतताना ह्यांनी गेट लावलं आणि गाडीत बसताना त्यांचा डावा गुडघा मुडपेना. दोन्ही हातांनी पाय उचलून आत ठेवला.

“झालं,” म्हणाले. चेहऱ्यावर असं समाधान की मला रागवावंसं वाटलं.

बुधवारी संध्याकाळी निकाल. परीक्षित चौऱ्याण्णव, जॅनिस त्र्याऐंशी. खाली बारीक अक्षरात: एकोणीस मतं अनियमिततेमुळे बाजूला ठेवली आहेत.

जॅनिस आमच्याकडे आली. बसली नाही. ओला कोट अंगावर तसाच. “मोहन,” ती म्हणाली, “स्वतः दाबली असतीस तरी एवढेच हाल झाले असते. निदान गुडघा वाचला असता.” हसायचा प्रयत्न केला तिने. मग मोरीशी जाऊन उगाच पाण्याचा नळ सोडला आणि पाठमोरीच उभी राहिली.

गुरुवारी संध्याकाळी सहाला पक्षाच्या रीजनल ऑफिसच्या बाईंनी ह्यांना झूमवर बोलावलं. ह्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला, खाली पायजमा. बाई गोड होत्या.

“मोहन, तुमच्या सेवेबद्दल पक्ष ऋणी आहे.”

म्हटलं, आता काहीतरी वाईट येणार.

“खोलीत दुसरं कुणी आहे का?”

“माझी मिसेस.”

“त्यांना बाहेर जायला सांगाल? आणि कॅमेरा एकदा खोलीभर फिरवाल?”

म्हणजे मला माझ्याच स्वयंपाकघरातून उठायचं होतं. शेगडीवर साबुदाण्याची खिचडी. ह्यांनी लॅपटॉप उचलून सगळीकडे फिरवला: देव्हारा, भांड्यांचं रॅक, भिंतीवर वाळत घातलेले माझे ब्लाउज. तेवढ्यात मी बाहेर पॅसेजमध्ये गेले आणि दाराला कान लावला. अठ्ठावीस वर्षं ह्या घरात राहतेय, दाराला कान कधी लावला नव्हता.

“एकोणीस मतं, मोहन. एकच इनबॉक्स. एकच फोन.”

“माणसं एकोणीस होती.”

“ते आम्ही कसं मानायचं?”

“त्यांना विचारा.”

बाईंनी दोन वाटा सांगितल्या. एक, ह्यांनी लिहून द्यायचं की मतं मी दिली, सद्हेतूने दिली. मग ह्यांना एक लेखी ताकीद, बाकी कुणाला त्रास नाही, विषय संपला. दुसरी, एकोणीसही जणांचं सहीनिशी निवेदन की मत मी स्वतः दिलं. शुक्रवार संध्याकाळी पाचच्या आत, फोटो काढून ईमेलने. ते आलं तर पॅनेल मतं मोजेल. एकही कमी पडलं तर सगळ्यांची चौकशी, झूमवर, एकेकाची.

“शुक्रवार म्हणजे उद्या,” हे म्हणाले.

“हो,” बाई म्हणाल्या. “आम्हाला कल्पना आहे की ते अवघड आहे.”

आतून करपल्याचा वास आला. मी तशीच उभी राहिले.

सकाळी दिवा लावून माळ पूर्ण होईतो मी बोलत नाही. लग्नाआधीपासूनचा नेम आहे. ह्यांना तो पाठ आहे, आणि त्या शुक्रवारी ह्यांनी त्याचा फायदा घेतला. मी देवासमोर बसलेली, पाठीमागे टेबलावर लॅपटॉपची टकटक.

“मी लिहून टाकतो की मी दाबली,” हे माझ्या पाठीला सांगत होते. “बीसलीबाईंना झूमवर बसवून उलटतपासणी घेणार का? आशाआजींना? चार दिवस लागले आपल्याला, एका दिवसात कसं होणार? आणि माझा गुडघा बघ, भोपळा झालाय. ताकीद तर ताकीद. माझं काय जातंय?”

माझी माळ अर्धीसुद्धा झाली नव्हती. त्या दिवशी नाम मी कसं घेतलं ते देवालाच ठाऊक, त्याने पदरात घेतलं असेल तर त्याचे उपकार. टकटक थांबली. मान वळवून पाहिलं तर ह्यांचं बोट ‘पाठवा’वर निघालेलं. मी उठले, माळ हातातच, आणि लॅपटॉपचं झाकण खाली लोटलं. बोटं सापडली ह्यांची.

“आई गं! अगं!”

मी परत जाऊन बसले. उरलेले मणी ओढले, नमस्कार केला आणि मग म्हटलं, “तुम्ही दाबलंत का?”

“नाही.”

“मग?”

“अगं, पण पाचच्या आत...”

“सतरा वर्षं पक्षाला खोटं सांगितलं नाहीत. आज त्यांनी मागितलं म्हणून द्यायचं? आणि जॅनिसची मतं तुमची आहेत का, वाटून टाकायला?”

हे बोटं चोखत बसले. मी वही घेतली आणि एकोणीस पानांवर वर एकेकाचं नाव लिहायला लागले. आठवं नाव चालू होतं तेव्हा बेल वाजली.

दारात परीक्षित. फोटोत दिसतो त्यापेक्षा बारीक. हातात वेम्बलीतल्या ईलिंग रोडच्या दुकानातला बर्फीचा बॉक्स, पायांत पातळ तळव्यांचे चकचकीत बूट. वाकून पाया पडला. ह्यांच्या पाया पडायला गेला तर सुजलेला गुडघा पाहून मधेच थांबला.

“काका, मला फार ऑकवर्ड वाटतंय. मला असं नको होतं.”

“मग कसं हवं होतं?” मी विचारलं.

त्याने बर्फी टेबलावर ठेवली. “काका, सही करून टाका ना. प्लीज. रीजनशी मी बोलतो, ताकीद पण काढायला लावतो. नंतर आपण सगळे एकत्र कॅम्पेन करू. तुमच्याशिवाय इथे कोण आहे?”

“हे आधी सुचलं नाही होय ऑफिसला?” हे म्हणाले.

मी घड्याळ पाहिलं. पावणेनऊ. एकोणीस दारं, आणि वाटेत गेटं बावीस. एकटीने जायचं तर प्रत्येक गेटाला उतरा, उघडा, गाडी आत घ्या, परत उतरा, लावा. पाच कधीच वाजून जाणार. हे तर उठूच शकत नव्हते.

“तुला गेट उघडता येतं का?” मी परीक्षितला विचारलं.

“सॉरी, काकू?”

“शेताचं गेट. लोखंडी असतं.”

“येईल की.”

“मग चल.”

ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी देव्हाऱ्यात बूट ठेवले.

पहिल्याच गेटाला पठ्ठ्या बाहेरच्या बाजूला राहिला. गाडी आत गेली, ह्याने गेट लावलं आणि मग लक्षात आलं की आपण चुकीच्या बाजूला आहोत. साखळी परत काढायची तर ते सोडून वरूनच चढला. पँटचा एक पाय पोटरीपर्यंत चिखलाने माखला. गाडीत बसला तेव्हा धापा टाकत होता. दोन-तीन गेटं झाल्यावर म्हणाला, “काकू, एक विचारू? ही एकोणीस मतं धरली तर मी हरतो.”

“बहुतेक.”

“आणि तुम्ही मलाच गेट उघडायला आणलं.”

“तू रिकामा होतास.”

तो हसला. मग हसू गेलं आणि खिडकीबाहेर बघत राहिला.

बीसलीबाईंना मी सांगितलं, काय लिहायचं ते. त्यांनी पेन झटकलं. “माझं मत मी दिलं नाही म्हणतात? नाकाने दिलंय मी! लिही, अरुणा. मी, डोरीन बीसली, स्वतःच्या नाकाने मत दिलं आहे.” तसंच लिहिलं. त्यांनी सही केली आणि परीक्षितकडे बोट दाखवून विचारलं, “हा कोण, तुझा मुलगा?”

“नाही. हाच दुसरा उमेदवार.”

बीसलीबाईंनी त्याला बुटांपासून वर पाहत नेलं. “बरं दिसतं पोर. कुठून आलं?”

“लंडन,” तो म्हणाला.

“अरेरे,” त्या म्हणाल्या, आणि त्याच्या हातात गरम चहाचा मग दिला.

अकरापर्यंत सहा. भुरभुर वाढली होती. एकाचं दार उघडेना, तो मागे कोंबड्यांच्या खुराड्यात होता. एकीला चष्मा सापडेना, परीक्षितने सोफ्याखालून काढून दिला. एका म्हाताऱ्याने सही करण्याआधी पक्षाबद्दल अर्धा तास ऐकवलं, ते सगळं परीक्षितकडे बघून. “चाळीस वर्षं मी पत्रकं वाटली. कुत्रा चावला दोनदा. आणि आता माझंच मत मीच दिलं ह्याचा पुरावा मागता?” परीक्षित “यस सर,” “सॉरी सर,” करत राहिला. गाडीत आल्यावर म्हणाला, “मी काही केलं नाही, काकू. मी फक्त उभा राहिलो.”

“हो ना. आम्हीही फक्त दारोदार गेलो.”

दोनच्या सुमारास तेरा झाली. चौदाव्या आशाआजी. लिफ्ट अजून बंद. आजींनी दार उघडलं, परीक्षितला पाहिलं आणि त्यांचा चेहरा फुलला.

“अगंबाई, तूच ना रे तो? पत्रकावरचा?” दोन्ही हातांनी त्याचे गाल धरले. “तुलाच दिलं हो मी मत. मराठी मुलगा म्हटलं आपला, कशाला दुसऱ्याला द्यायचं?”

मी वहीत बघत राहिले. जॅनिस ह्या आजींची औषधं सहा वर्षं आणून देते, तीन मजले चढून. तोंडाशी आलेलं सगळं गिळलं. शब्द बाहेर काढला तर तो चांगला निघाला नसता. पान पुढे केलं, “आजी, मत तुम्ही स्वतः दिलंत एवढंच लिहा. कुणाला ते लिहू नका.”

“का नको? मी काय चोरी केली?” आणि आजींनी थरथरत्या अक्षरांत लिहिलं की मी माझ्या हाताने परीक्षितला मत दिलं. मराठीत लिहिलं, खाली इंग्रजीत मला लिहायला लावलं. मी लिहिलं. एकही शब्द न गाळता लिहिलं.

खाली गाडीत बसलो. मी किल्ली फिरवली नाही, दमले होते. परीक्षितने वही मांडीवर घेतली होती आणि ते पान उघडून बसला होता.

“हे पण बाद केलं त्यांनी,” तो म्हणाला.

“हो.”

“काकांनी दाबली असती तर...”

“तर आजींचं तुला कशाला गेलं असतं?”

“रीजनला हे बघता आलं असतं. एका मिनिटात. कोणाला किती गेली ते.”

“ते तुझं ऑफिस. मला काय माहीत?”

तो ओठ दातांत धरून बसला होता. मी गाडी चालू केली. पुढच्या गेटाला मी सांगायच्या आत उतरला, उघडलं, गाडी गेली, आतल्या बाजूला राहून लावलं. पुढची चार दारं अशीच झाली. तो उतरायचा, घंटा वाजवायचा, मी सांगायची, ते सही करायचे. कुठे कुणी चहा विचारला तर तोच म्हणायचा, “आज नाही, पाचच्या आत जायचंय.”

शेवटचं आर्थरचं शेत. सव्वाचार वाजले होते, दूध काढायची वेळ. मी गेटाशी गाडी थांबवली तर चाक चाकोरीत रुतलं. रेस केलं तसं आणखी खाली गेलं, चिखल उडून काच भरली. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं, इतका वैताग. स्टिअरिंगवर डोकं टेकलं.

“काकू, तुम्ही बसा,” परीक्षित म्हणाला. वही कोटाच्या आत घातली आणि गेट ओलांडून निघाला. मी थोड्या वेळाने साडी खोचून मागोमाग गेले. बुटात पाणी शिरलं. गोठ्यात मशीनचा आवाज होता. दारापाशी पोचले तेव्हा तो आर्थरसमोर उभा होता, गायींच्या रांगेच्या ह्या बाजूला, घोट्यापर्यंत शेणात.

“मत तुम्ही स्वतः दिलं का?” तो मोठ्याने विचारत होता.

“कोण विचारतंय?” आर्थर म्हणाला.

परीक्षितने नाव सांगितलं.

आर्थरने गायीच्या पाठीवर हात ठेवून त्याच्याकडे नीट पाहिलं. “मग तुला उत्तर आवडायचं नाही, पोरा.”

“माहीत आहे,” परीक्षित म्हणाला, आणि त्याच्या नावाचं पान उघडून पेनासकट त्याच्यापुढे धरलं. “इथे लिहा आणि सही करा.”

आर्थरने हातमोजा दातांनी ओढून काढला.